निघणं दहाला, पोचणं एकला

दुकानातून,
४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीच्या पत्राखाली मी आजवर एकच ओळ लिहीत आलो. बाकी ठीक, काळजी घे. आता वरचं पत्र लिहायला ती नाही, आणि नुसती खालची ओळ पाठवली तर पाकिटालाही लाज वाटेल. फोनवर मी हं च्या पुढे जात नाही ही तुझी तक्रार खरी आहे. कागदावर हं लिहून भागत नाही, म्हणून लिहायला बसलो. चुकलंमाकलं सांभाळून घे.

दुकान नेहमीसारखं चालू आहे. सकाळी जवळच्या चष्म्याची माणसं येतात, संध्याकाळी लांबच्या. गल्ल्यामागचं उंच स्टूल मी हलवलेलं नाही. त्यावर बसून ती तुला पत्रं लिहायची आणि मधूनच मला विचारायची की आणखी काय लिहू. समोरची टाचणीबाई हल्ली रोज दुपारी डोकावून जाते. ओठांत टाचण्या धरून बोलायची तिची सवय गेलेली नाही, त्यामुळे ती माझी विचारपूस करते की झंपराचं माप सांगते ते कळत नाही. मी दोन्हीला मान हलवतो.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा आई शेजारीच होती. एप्रिलमध्ये ऑपरेशन, आणि यंदा तुझं इकडे येणं नाही, हे तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि विचारलं की पासपोर्टचा फोटो चष्मा घालून काढतात की काढून. मला वाटलं चेष्टा करते आहे. मग तिने सरळ सांगितलं की लेकीला येता येत नसेल तर आईने जायचं, त्यात विचार कसला करायचा. आपल्या वयाला पुढच्या वर्षाची भाषा शोभत नाही, असंही म्हणाली.

विमानाचं नाव काढलं की कानावर हात ठेवणारी ही बाई. भीती वाटत नाही का, असं मी विचारलं. वाटते, म्हणाली, पण तीन तासांचा तर प्रश्न आहे, तीन तास माणूस तापल्या तव्यावरही बसेल. त्याच्या वर मात्र एक मिनिट बसणार नाही, हेही तिने आताच सांगून ठेवलं आहे.

भिंगरे, खरे अकरा तास लागतात हे तुला, मला आणि तुझ्या वहिनीला माहीत होतं. आईला अजून माहीत नाही. हे तीन तास तुझ्या वहिनीचे. इतकी वर्षं तिने ते कसे सांभाळले ते तीच जाणे, आणि आता ते माझ्या गळ्यात आले आहेत. मला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेलो की हात आपोआप चष्म्याकडे जातो आणि मी काचा पुसायला लागतो. मला चष्मा लागला त्या वर्षापासून आईला ही खूण ठाऊक आहे. काय करू ते कळव.

तुला निरोप द्यायला आलो त्या दिवशी मी सामानाच्या मागे धावत होतो, त्यामुळे त्या तीन तासांचा जन्म कसा झाला ते मला ऐकूनच माहीत आहे. तू तिथे होतीस. नक्की काय झालं ते एकदा लिही.

बाकी ठीक. काळजी घे. (ही सवय जाणार नाही.)

तुझा
दादा


काचघरातून,
१५ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. एवढी अक्षरं तर तू एका दिवसात बोलत नाहीस!

तुझं पत्र मी रोपांना पाणी घालायच्या आधी वाचलं, पाणी घातल्यावर वाचलं, आणि मग तुझ्या मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले की हे तुझ्या भावाने लिहिलंच नसेल, टाचणीबाईंकडून शिवून घेतलं असेल. मी त्यांना सांगितलं की माझा दादा पहिल्यापासूनच असा आहे, फक्त वहिनी त्याच्या वाटणीचंही बोलून टाकायची.

आई येते आहे! दादा, मी दोन दिवस कुंड्या चुकीच्या फळ्यांवर ठेवते आहे. एका गिऱ्हाइकाला गुलाबाऐवजी लिंबाचं रोप दिलं, आणि तो सज्जन माणूस काही न बोलता घेऊन गेला. माझा गुडघा वाकत नाही, पण बातमी ऐकून मी उडी मारल्यासारखं केलं. दुखलं. चालायचंच. वीस वर्षं कुंड्यांपुढे गुडघे टेकले, आता गुडघ्यांनी माझ्यापुढे हात टेकले.

तीन तासांचा जन्म माझ्या डोळ्यांसमोर झाला. आईने माझ्या स्वेटरची बाही धरली होती आणि ती सोडेना. तिला मी समजावलं, तुझ्या मेहुण्यांनी समजावलं, तिथल्या शिपायानेही समजावलं. आईचं एकच, की जिथे जाते आहेस ते फार लांब आहे. तेव्हा वहिनीने माझ्या हातातून तिकीट घेतलं, आईपुढे धरलं आणि तिला स्वतःच वाचायला सांगितलं. निघणं सकाळी दहाला, पोचणं दुपारी एकला. आईने बोटांवर मोजलं. दहा, अकरा, बारा, एक. आणि बाही सोडली. मी सोडवली नाही दादा, तिने आपणहून सोडली. वहिनी लगेच वर म्हणाली की आईची मोठी बहीण असते त्या गावाला बसने याहून जास्त वेळ लागतो.

खोटं तर ती बोललीच नव्हती. तिकिटावर होतं ते खरंच होतं. फक्त तो एक इथल्या घड्याळाचा, आणि इथलं घड्याळ तुमच्या आठ तास मागे. आईला हेही माहीत आहे. रविवारी फोनवर तुमची दुपार असते आणि मी सकाळचा चहा पीत असते, त्यावरून ती मला आळशी म्हणते. पण तिकीट आणि घड्याळ या दोन गोष्टी वहिनीने आईसमोर एका दिवशी कधी येऊ दिल्या नाहीत. एक आली की दुसरीला ती हळूच स्वयंपाकघरात घेऊन जायची.

अडचण माझ्या येण्याची झाली. येतानाच्या तिकिटावर निघणं दुपारी दोनला आणि पोचणं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. आईने विचारलं की जायला तीन तास आणि यायला दिवस न् रात्र, हे कसलं विमान. वहिनीने पापणी न हलवता सांगितलं की जाताना वारा मागून असतो, येताना समोरून. त्यावर आई काय म्हणाली आठवतं का? म्हणाली, यात नवीन काही नाही, बाईमाणसाला सासरी जाताना वारा मागूनच ढकलतो आणि माहेरी येताना समोरून अडवतो, फक्त विमानातही तसंच असेल असं वाटलं नव्हतं.

म्हणून तुला हात जोडून सांगते, घरी असताना काही बोलू नकोस. विमानात बसल्यावर मग काय ते सांग. मधेच उतरता येत नाही हा विमानाचा सगळ्यात मोठा गुण आहे. तुझे मेहुणे सुचवतात की वर ढगांत रांग लागली आहे, आपला नंबर यायचा आहे, असं सांगावं. त्यांचं ऐकू नकोस. ते खोटं बोलताना चष्मा पुसत नाहीत, पण कोणाला पटतही नाही.

ते अकरा तास मलाही नीट कळले ते गेल्या वर्षी, वहिनीसाठी निघाले तेव्हा. त्याआधी मीही तीनच म्हणायचे. पोचले तेव्हा तू दारात उभा होतास, त्यावरूनच उशीर झाल्याचं कळलं. त्याबद्दल आपण बोललो नाही. आताही नको. फक्त तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तिला इकडे आण. माया आहेच तुझी, त्यात थोडी धिटाई मिसळ.

तुझी
भिंगरी


घरून,
३ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि गुडघ्याला वेगळे.

पासपोर्ट आला. फोटोत आई चिडलेली दिसते, कारण फोटोवाल्याने हसू नका असं सांगितलं. आजवर आपल्याला हसू नकोस असं सांगायची कोणाची हिंमत झाली नव्हती, असं तिचं म्हणणं. टाचणीबाईने तिच्यासाठी एक लांब कोट शिवला आहे. त्याला बाहेरून दोन आणि आतून चार खिसे आहेत. आई दिवसातून एकदा तो घालून घरात फिरते आणि कुठल्या खिशात काय ठेवायचं ते ठरवते. तुझ्या खोलीतली मोठी बॅग भरून झाली आहे. आता ती रोज उपसून पुन्हा भरण्याचं काम चालू आहे.

आळीत सगळ्यांना कळलं आहे. ती प्रत्येकाला सांगते की लेक तीन तासांवर असते. तुला ठाऊक नसेल, पण टाचणीबाईच्या मुलीलाही तुझ्याच शहरात नोकरी लागली आहे. जूनमध्ये जायचं आहे. टाचणीबाई त्यापायी काळजीत आहे. काल तिने आमच्या ओट्यावर बसून डोळ्याला पदर लावला, तर आईने तिची पाठ थोपटून तेच सांगितलं, की रडायचं कशाला, दहाला निघालं की एकला पोचतं. मी आत होतो. बाहेर आलो नाही.

तू म्हणतेस तसा गप्प राहण्याचा प्रयत्न केला. पण झालं ते असं. आईला डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी तपासलं, सगळं उत्तम आहे म्हणाले, आणि प्रवास किती तासांचा आहे असं विचारलं. आईने थाटात सांगितलं की तीन. डॉक्टरांना तुझं शहर माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. डॉक्टर समजले असावेत. कितीही तास असोत, मधून मधून उठून चार पावलं चालायचं, एवढंच ते म्हणाले.

पण आईने माझे हात पाहिले होते. दोन दिवस तिने बॅग उघडली नाही, कोट घातला नाही. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून विचारलं की डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन काय सांगितलं, मला काय झालं आहे, किती दिवस आहेत. मी शपथ घेऊन सांगितलं की तुला काहीही झालेलं नाही. ते खरं होतं, म्हणून चष्म्याला हात लागला नाही, म्हणून तिला पटलं. पण मग डॉक्टरांकडे काच का पुसत होतास, असं तिने विचारलं. मी म्हणालो की तिथे धूळ होती. आणि हे सांगताना पुसली.

ती उठून गेली.

तुझ्या वहिनीच्या तोंडी हे तीन तास म्हणजे धीर होता. माझ्या हातात आले की फसवणूक होते. गोष्ट तीच, पण माणूस बदलला की नंबर बदलतो. दुसऱ्याचा चष्मा घातला की डोकं दुखतं, तसं माझं झालं आहे. मला वाटतं सांगून टाकावं. काल सांगायला म्हणून तिच्या खोलीत गेलो होतो. ती बॅगेत तुझ्या वहिनीचा निळा स्वेटर ठेवत होती. म्हणाली की तिला घेऊन जाता आलं नाही, स्वेटर तरी येऊ दे. मी पाण्याचा तांब्या घेऊन परत आलो. तो भरलेलाच होता.

तिकिटं काढली आहेत, एकोणतीस मार्चची. ती राहील, मी तीन आठवड्यांनी परत येईन. दुकान तेवढे दिवस बंद. गेल्या वर्षीचे ते दिवस सोडले तर एवढं कधी बंद ठेवलेलं नाही.

बाकी ठीक म्हणता येणार नाही. पण काळजी घे.

तुझा
दादा


घरून,
१२ मार्च

ती. दादास,

नमस्कार, आणि थांब. आधी पाणी पी.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग धुळीपाशी आल्यावर वाईट वाटलं. मी तुला भलतंच ओझं दिलं. माझी येण्याची ओढ होती म्हणून दिलं. आता माझा हट्ट मी सोडते. तुला वाटेल तेव्हा सांग. ऐकून ती येणार नाही म्हणाली तर न येऊ दे. मी फोनवर रोज बोलेन, गुडघा बरा झाला की धावत येईन. मला काहीही वाटणार नाही.

शेवटचं वाक्य लिहिताना मी माझा चष्मा पुसला. आपण एकाच आईची मुलं आहोत.

तरी ठरवायचं तू. वहिनीने काय केलं असतं हा विचार करू नकोस. ती ती होती. तुझ्या पद्धतीने जे होईल ते कर. मी एकोणतीसला विमानतळाच्या दारात काठी टेकून उभी राहणार. एक माणूस आला तरी गळ्यात पडणार, दोन आले तर काठी टाकून देणार.

दोघांनाही जीव लावून बसलेली,
भिंगरी


काचघरातून,
२० मे

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तू जाऊन महिना झाला तरी तुझी खुर्ची आम्ही कोणी घेत नाही. मांजर घेतं.

गुडघा उत्तम. आता मी जिना उतरते, तोंडाने आवाज न करता. आई माझा व्यायाम घेते आणि आकडे मोजताना मुद्दाम चुकते, म्हणजे मला दोन जास्त करावे लागतात. काचघरात तिने स्वतःसाठी एक खुर्ची मांडली आहे. भाषा येत नाही, पण येणाऱ्या गिऱ्हाइकांना ती हाताने सांगते की हे रोप नको, ते घ्या. विक्री वाढली आहे. तुझ्या मेहुण्यांच्या हातचं जेवण ती नावं ठेवत दोनदा वाढून घेते.

आता मला एक विचारायचं आहे. तू इथे होतास तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. तुम्ही दोघं दारातून बाहेर आलात तेव्हा मी ठरवल्याप्रमाणे काठी टाकली. मला वाटलं आई माझ्याकडे बघून रडेल. तिने आधी मला सांगितलं की तुझी वहिनी पक्की लबाड होती. आणि हसायला लागली. इतकी हसली की तिथला माणूस पाण्याचा पेला घेऊन आला. मग रडली, पण ते नंतर. आणि तू, दादा, तू बोलत होतास. सामानवाल्याशी, दारवाल्याशी, गाडीत माझ्या नवऱ्याशी. त्यांनी मला कानात विचारलं की हाच ना तुझा भाऊ.

तीन तासांचं बिंग फुटलं हे उघडच आहे. पण विमानात काय झालं ते आई सांगत नाही. म्हणते की ते त्याचं आहे, त्यालाच विचार, आणि फोनवर नको, लिहून घे. म्हणून विचारते आहे. लिहिशील का?

खाली आई सांगते तसं लिहिते.

बाळ, अनेक आशीर्वाद. स्वयंपाकघरातली खिडकी रात्री लावतोस ना? टाचणीची पोरगी इकडे पोचली की तिला रविवारी जेवायला बोलवणार आहे, तिच्या आईला तसं सांग. दुसरं, ऑगस्टमध्ये ही मला घेऊन येणार. तुझ्या बायकोने मला जाताना तीन सांगितले आणि निघाले अकरा. येतानाचे तर तिने दिवस न् रात्र सांगितले होते. म्हणजे ते खरे किती निघतील, या विचाराने मला झोप नाही. ही सांगते त्यावर माझा विश्वास नाही, ही तिच्याच तालमीतली. तू आत्ताच ते विमान करून गेला आहेस. काय ते खरं कळव.

हे सगळं सांगताना ती हसत होती, पण झोपेचं खरं आहे.

उत्तराची वाट पाहणारी, आणि उत्तर आलं नाही तरी प्रेम तेवढंच असणारी,
भिंगरी


दुकानातून,
१० जून

चि. भिंगरीस आशीर्वाद, ती. आईस साष्टांग नमस्कार. एकाच कागदात दोघींना लिहितो, वाचताना भांडू नका.

खिडकी लावतो.

विमानात काय झालं ते लिहितो. आपल्या घरून निघेपर्यंत माझ्याने सांगवलं नाही. विमान सुटलं. आई खिडकीशी होती. ढग बघून झाले, जेवण झालं. मी ठरवत होतो की आता सांगू, थोड्या वेळाने सांगू. मग मला डुलकी लागली. जागा झालो तर शेजारी आई तयार होऊन बसली होती. कोट घातलेला, सगळ्या खिशांची बटणं लावलेली, केस नीट केलेले, पायांत बूट, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. मनगटावरच्या घड्याळात एक वाजत आला होता. आजूबाजूला सगळी माणसं पांघरूण घेऊन झोपलेली, आणि ती एकटी उतरायच्या तयारीत, ताठ.

मी चष्मा काढला. अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर ती म्हणाली की आता काहीतरी खोटं येतंय. मी म्हणालो की नाही, या वेळी खरं येतंय. चष्मा तसाच हातात धरून सगळं सांगितलं. तिकीट, आठ तासांचा फरक, समोरचा वारा, डॉक्टरांकडची धूळ.

तिने विचारलं की अजून किती. मी म्हणालो, आठ. हे सगळं सुनेने रचलेलं का, असं विचारलं. मी हो म्हणालो. मला वाटलं आता उठेल, रडेल, कोणाला तरी बोलवायला सांगेल. तिने वाकून बूट काढले. आणि मग ते हसणं. पुढच्या रांगेतला माणूस झोपेतून उठून बघायला लागला. इतकी वर्षं आळीत छाती फुगवून तीन तास सांगत फिरले आणि त्या पोरीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, असं म्हणत डोळे पुसत होती. मग म्हणाली की तिने आठ तास लपवून ठेवले होते, आता मिळालेच आहेत तर बोल काहीतरी, तिच्याबद्दलच बोल, तू गेलं वर्षभर तिचं नाव घेतलेलं नाहीस.

हे खरं होतं. तिचं नाव काढलं की पुढचं कसं बोलायचं ते मला सुचत नसे. पण मधेच उतरता येत नाही हा विमानाचा गुण माझ्याही कामी आला.

पहिल्यांदा ती दुकानात आली होती ते सांगितलं. तेव्हा वडील होते गल्ल्यावर. तिला चष्मा नको होता, म्हणून रांगेत उभी राहून पुढच्या माणसांनी वाचलेली अक्षरं तिने पाठ केली आणि माझ्यापुढे सगळी खडाखडा म्हणून दाखवली. तक्ता मी मधेच बदलला होता. मी काही बोललो नाही. ती समजली आणि तीही बोलली नाही. तिथून सुरुवात. मग पत्रांचं सांगितलं, की लिहून झालं की ती कागद माझ्याकडे सरकवायची आणि माझी ओळ लिहून होईपर्यंत पेन हातातून सोडायची नाही, त्यामुळे दोघांच्या हातात एकच पेन असायचं. शेवटच्या दिवसांतलंही सांगितलं. ते इथे लिहीत नाही. आईला सांगितलं तेवढं पुरे आहे.

आणि आईने मला एक सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. तुझ्या वहिनीचं माहेर इथून बसने दिवसभराच्या वाटेवर. लग्न झाल्यावर ती आपल्या आईला काय सांगायची, तर बसमध्ये एक डुलकी लागली की आपलं ठिकाण येतंच. इतकं जवळ. तेव्हा हे तिला आधीपासून येत होतं. मी संसार केला आणि मला पत्ता नाही.

विमान उतरेपर्यंत आम्ही बोलत होतो. मधे डॉक्टरांनी सांगितलेली चार पावलंही चाललो, तीही बोलत.

आता आई, तुझ्या झोपेचं. येताना मी एकटा होतो. विमान निघाल्यावर वैमानिकाने सांगितलं की आज वारा पाठीमागून आहे. मी शेजारच्या बाईंना विचारलं की रोज असाच असतो का. त्या नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्या. म्हणाल्या की या वाटेवर वारा बहुतेक असाच, तिकडे जाताना समोरून, इकडे येताना मागून. जायला अकरा तास लागतात ना, यायला दहाच. घड्याळ पुढे करावं लागतं म्हणून कागदावर दिवस न् रात्र दिसते. तर तुझ्या सुनेने वाराही उलटा सांगितला होता. माहेरी येताना तो मागूनच असतो आणि माहेर एका तासाने जवळ आहे. हे मी चष्मा नाकावर ठेवून लिहितो आहे. नीट झोप.

टाचणीबाईची मुलगी परवा गेली. मी दोघींबरोबर विमानतळावर गेलो होतो. टाचणीबाईच्या ओठांत त्या दिवशी टाचण्या नव्हत्या, तरी तिला बोलता येत नव्हतं. मुलीच्या बॅगेचा पट्टा धरून उभी होती. मुलगी माझ्याकडे बघत होती, की काका काहीतरी करा. मी मुलीच्या हातातलं तिकीट घेतलं, तिच्या आईपुढे धरलं आणि वरची ओळ वाचायला सांगितली. तिने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. भिंगरे, ती काही भाबडी नाही. मुलीने तिला घड्याळाचं सगळं कधीच समजावलेलं असणार. तरी तिने पट्टा सोडला आणि मला विचारलं की किती लांब आहे हो खरं.

मी म्हणालो, तीन तास.

तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं.

दोन्ही वेळा चष्म्याला हात लागला नाही.

बाकी ठीक. काळजी घ्या, आणि ऑगस्टमध्ये वाऱ्याबरोबर या.

तुमचा
दादा